मदत हवी आहे: वुल्फ मेसिंग आणि गांधीजींची भेट, खरं की दंतकथा?

नमस्कार मंडळी, मी नाशिकरोडची. पुतणी नववीत आहे, तिनं शाळेतल्या भाषणाला वुल्फ मेसिंग निवडलाय. जन्म १८९९, आताच्या पोलंडमध्ये; मृत्यू १९७४, मॉस्कोत. सोव्हिएत रशियात रंगमंचावर मनातलं ओळखणारा म्हणून प्रचंड गाजला. एवढं पक्कं.

पुढचं सगळं तपासून घ्यावं लागतंय. १९१५ साली व्हिएन्नात आइनस्टाइनच्या घरी फ्रॉइडनं त्याची परीक्षा घेतली, असं त्याच्या आठवणींत आहे. पण आइनस्टाइन १९१४ पासून बर्लिनला होते, व्हिएन्नात त्यांचं घर नव्हतंच. ते आम्ही भाषणातून काढून टाकलं.

प्रयोगांचं स्पष्टीकरण मात्र पटलं. प्रेक्षक मनात आज्ञा धरायचा, मेसिंग बहुतेकदा त्याचं मनगट पकडायचा. हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालींवरून दिशा कळते. आम्ही घरी करून पाहिलं. मी किल्ली पोह्यांच्या डब्यामागे लपवली, पुतणीनं माझं मनगट धरलं. फडताळापाशी आल्यावर माझा हात आपोआप सैल पडला आणि तिनं थेट डबाच उचलला! अंगावर काटा आला हो.

अडलंय ते गांधीजींपाशी. १९२७ साली भारतात गांधीजींना भेटलो, असा त्याचा दावा. त्या वर्षीची गांधीजींची पत्रं, भाषणं संकलित वाङ्मयात आहेत. कुणी ते खंड या नावासाठी चाळलेत का? आणि नाशकात पूर्ण संच कुठे बसून वाचता येईल? शनिवारी सार्वजनिक वाचनालयात चौकशी करणारच आहे. भाषण पुढच्या गुरुवारी आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.