पात्र कर्णबधिर, नट ऐकू येणारा. बोलावं का?

प्रश्न: ऑफिसच्या ट्रेनिंग व्हिडिओत कर्णबधिर कर्मचाऱ्याचं काम ऐकू येणारा नट करतोय. टीममधल्या कर्णबधिर सहकारी मुलीला कुणी विचारलंच नाही. तिच्या वतीने मी बोलू?

उत्तर: वतीने नको, आधी तिला विचारा. मी स्वतः कर्णबधिर आहे. माझ्या नावाने परस्पर मेल गेले की डोकं फिरतं. आणि हो, नट नकली असला की आम्हाला लगेच कळतं. सांकेतिक भाषेचं बरंचसं व्याकरण चेहऱ्यावर असतं, हे नुसते हात हलवतात!

उत्तर: ‘कोडा’ या कर्णबधिर कुटुंबावरच्या सिनेमात कर्णबधिर भूमिकेसाठी ऐकू येणारा नट घ्यायचं चाललं होतं, तेव्हा कर्णबधिर अभिनेत्री मार्ली मॅटलिन सिनेमा सोडायला निघाल्या होत्या. म्हणून कर्णबधिर नट ट्रॉय कॉट्सर आले, २०२२चं ऑस्कर घेऊन गेले.

प्रश्नकर्ता: विचारलं. म्हणाली, “नटाचं मीच बोलते. तू सबटायटल्सच्या मागे लाग.”