मास्टर ऑफ पपेट्स की अँड जस्टिस फॉर ऑल? बेस ऐकू येत नाही, तरी माझं मत जस्टिसला

आर्वीचा_ढोलकीवाला

मेटालिका या मेटल बँडच्या या दोन अल्बमचा वाद जुनाच, पण आमच्याकडे तो मागच्या लग्नसराईपासून पेटलाय. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावचा. भजनी मंडळात ढोलकी वाजवतो आणि सीझनमध्ये धुमाल पार्टीत (वरातीत वाजवणारं पथक) ऑक्टापॅड. त्याच पार्टीत माझा मित्र साऊंड सांभाळतो. त्याच्या मते मास्टर ऑफ पपेट्सच्या (1986) वर काहीच नाही. माझं मत अँड जस्टिस फॉर ऑलला (1988).

कशावर ऐकलं ते आधी सांगतो, कारण अर्धी भांडणं त्यातूनच होतात. हरभऱ्याच्या ओलिताला आमच्या फीडरवर लाइन रात्रीची मिळते. तेव्हा मी एकाच कानात इअरफोन घालतो, दुसरा कान रानडुकरांसाठी मोकळा ठेवावाच लागतो. गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डची रिदम गिटार डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळी वाजवून भरलेली आहे, म्हणजे एका कानाने ऐकणाऱ्याला ती अर्धीच मिळते. बेस तर इतक्याशा इअरफोनमधून काय येणार. त्यामुळे शेतात मला दोन्ही अल्बम सारखेच कोरडे वाटायचे.

मग एका लग्नात वरातीच्या आधी साऊंड चेक करताना मित्राने अठरा इंची बेसवर मास्टरमधलं 'ओरायन' लावलं. बँडचा बेस गिटारवादक क्लिफ बर्टनचा बेस असा उतरला की बाजूचं टिनाचं शेड थरथरायला लागलं. लगेच त्याच सेटिंगवर मी जस्टिसमधलं 'ब्लॅकन्ड' लावलं. टॉप किंचाळत होते आणि बेसचे डबे जवळजवळ रिकामे. किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, नुसती टक टक. मित्र म्हणाला, "झालं समाधान?"

नाही झालं. 'ब्लॅकन्ड'मध्ये मध्येच सात मात्रांचा हिशेब येतो. सात मात्रांचा रूपक ताल वाजवणाऱ्याचे कान तिथे आपोआप उभे राहतात. टायटल साँग पावणेदहा मिनिटांचं, त्यात ड्रमर लार्स अल्रिक नुसता ठेका धरत नाही, गिटारचा प्रत्येक तुकडा ड्रमवर परत बोलतो. आणि 'वन'! सुरुवातीला किती संयम आहे. नंतर दोन्ही पायांची किक गिटारच्या बरोबरीने मशिनगनसारखी सुटते, तेव्हा मी आजही हातातलं फावडं खाली ठेवतो. मास्टरमध्ये ड्रम गाण्याला साथ देतात, जस्टिसमध्ये गाणं ड्रमनेच रचल्यासारखं वाटतं.

तर ज्यांनी हे दोन्ही अल्बम खऱ्या बेसवर ऐकलेत, त्यांनी सांगावं. आवाज फसला म्हणून रचनेचे किती मार्क कापायचे?

वणीचा_काळा_हिरा

भाऊ, मास्टर. काऊन म्हनतो ते सांगतो.

आठ गानी, पंचावन मिनटं, अन् त्यात काढून टाकाव असं मले काईच दिसत नाई. 'बॅटरी' सुरू होते ते साध्या गिटारवर, शांत. मानूस बेसावध रायते अन् मंग वरून दगड पडते. टायटल गान्यातली रिफ, म्हंजे गिटारीचा परत परत येनारा तुकडा, मोजून पाय. दर चौथ्या फेरीले मात्रा थोडीशी कापली हाय, म्हनून ते गानं सारखं पुढं ढकलत नेते. तू ढोलकीवाला, तुले हे मी काय सांगू? हिशेबाचंच कवतिक करायचं असन तर तो मास्टरमधीबी हाय, पन तो दिसत नाई. जस्टिसमधी तो दाखवाले ठेवल्यावानी वाटते.

जस्टिस पासष्ट मिनटाचा. रिफ चांगली आली का तेच तेच आठ खेपा वाजवतेत. ते टायटल साँग त्याइनं स्वतः लाइव्ह वाजवनं कितीक वर्सं सोडून देल्लं होतं. समोरची पब्लिक कंटाळते, हे त्याइचा गिटारवाला किर्क हॅमेटच बोलून गेला हाय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन कराच्या यादीत घेतलेलं पयलं मेटल रेकॉर्डिंग मास्टरच हाय. यादीसाठी मी गानं आयकत नाई, पन ते उगाच नाई झालं.

अन् मास्टरमधी क्लिफ हाय. माह्यासाठी तिथंच विषय संपते.

पुसदचा_बेसवाला

मी बेस वाजवतो, म्हणून जस्टिसमधला बेस का गेला ते थोडं सविस्तर लिहितो. लोक नुसतं "जेसन न्यूस्टेड (क्लिफच्या जागी आलेला बेसवाला) नवा होता, त्याला छळलं" म्हणतात आणि पुढे जातात. छळलं हे खरंच, पण तेवढंच कारण नाही.

एक तर न्यूस्टेडने बहुतेक ठिकाणी हेटफिल्डच्या रिदम गिटारचेच स्वर वाजवले. क्लिफ गिटार सोडून स्वतःच्या वाटेने जायचा, म्हणून तो गर्दीतही वेगळा ऐकू येतो. त्यात जस्टिसमध्ये हेटफिल्डच्या गिटारचा आवाज असा ठेवलाय की मधला भाग खरवडून काढलेला आणि खालचा भाग भरपूर. म्हणजे बेसची जागा गिटारनेच खाल्ली. मिक्सिंग (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवणं) चालू होतं तेव्हा बँड 1988 च्या मॉन्स्टर्स ऑफ रॉक टूरवर होता. रोज एवढ्या आवाजात उभं राहिलेल्या कानांनी मिक्स ठरवायचं म्हणजे काय होणार! त्यावर मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने उघड सांगितलंय की बेस खाली घ्यायला लार्सनेच लावलं.

2018 मध्ये अल्बम रीमास्टर होऊन परत आला, तेव्हाही बेस वर काढला नाही. जे झालं ते त्या काळाचं म्हणून तसंच ठेवलं. मला हे पटत नाही. ज्याने मेहनत करून वाजवलं त्याचं काम लोकांना एकदा तरी ऐकू यायला हवं होतं.

माझं मत मास्टरला. पण 'ब्लॅकन्ड'वर गीतकार-संगीतकार म्हणून न्यूस्टेडचं नाव आहे, आणि जस्टिसमधलं सगळ्यात ताकदीचं पहिलं गाणं तेच आहे, हेही नोंदवून ठेवतो.

आर्वीचा_ढोलकीवाला

पुसदचे दादा, हेच हवं होतं. धन्यवाद.

बेस वर काढून चाहत्यांनी केलेले जस्टिसचे मिक्स मित्राने मला पेनड्राइव्हवर आणून दिले. तेही मोठ्या डब्यांवर ऐकले. वजन नक्की वाढतं, 'हार्वेस्टर ऑफ सॉरो' तर अंगावर येतं. पण नवीन स्वर कुठेच सापडला नाही, कारण तुम्ही म्हणता तसा बेस गिटारच्याच मागून चाललाय. म्हणजे जे गायब होतं ते वजन होतं, रचना नव्हती. ढोलकीच्या धुमेचं (जाड आवाजाच्या बाजूचं) लोण सुकलं तर भजन बोडकं वाटतं, पण शाईवर बोल बरोबर पडत असले तर जाणकार उठून जात नाही. जस्टिस मी तसा ऐकतो.

वणीचे भाऊ, लांबीबद्दल तुमचं अर्धं मान्य. 'द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी' दोन मिनिटं आधी संपलं असतं तरी चाललं असतं. पण टायटल साँगमधलं एकही वळण मी कापू देणार नाही.

मोर्शीची_वाचक

तुम्ही सगळे वाजवणारे, म्हणून शब्दांवर कोणीच बोललं नाही. माझे मामा सैन्यात होते, त्यामुळे मी हे दोन अल्बम दोन गाण्यांवरून तोलते.

मास्टरमध्ये 'डिस्पोजेबल हीरोज' आहे. त्यात हुकूम देणारा आणि हुकूम ऐकणारा पोरगा असे दोन आवाज आहेत. आठ मिनिटं थांबायला जागा नाही, कारण त्या पोरालाच थांबायची परवानगी नाही. जस्टिसमध्ये 'वन' आहे. त्यातल्या सैनिकाचे हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं गेलंय आणि तो मरणाची भीक मागतोय. पहिल्या गाण्यात युद्ध चालू आहे, दुसऱ्यात ते संपलंय, पण त्याच्यासाठी संपलेलं नाही. मामा घरी आल्यावर जे बोलायचे नाहीत, ते मला 'वन'मध्ये ऐकू आलं. शेवटची ती किक मला बंदुकीची वाटत नाही. कुणाला तरी कळावं म्हणून तो उशीवर डोकं आपटतोय असं वाटतं.

म्हणून गाणं 'वन', पण पूर्ण अल्बम म्हणाल तर मास्टर. शब्द आणि चाल सगळीकडे इतकी एकजीव जस्टिसमध्ये नाही. आणि त्यांच्या आधीच्या राइड द लायटनिंग अल्बमला (1984) कोणी बोलावलंच नाही, हे मला खटकलं. 'फॉर हूम द बेल टोल्स'च्या सुरुवातीला जे गिटार वाटतं तो क्लिफचा बेस आहे.

आर्वीचा_ढोलकीवाला

ताई, किकबद्दल तुम्ही लिहिलं ते वाचून 'वन' परत लावलं. आता ते मला दुसरं काही वाटणार नाही. ढोलकी धरल्यापासून मी हातांकडेच लक्ष देत आलो, शब्द मागे राहिले.

राइड द लायटनिंगचा धागा वेगळा काढा, मी येतो. 'फेड टू ब्लॅक'वर मला बरंच लिहायचं आहे.

वणीचे भाऊ, "मास्टरमधी क्लिफ हाय" एवढ्यावर विषय संपतो हे मात्र मला मंजूर नाही. 27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये बस उलटून क्लिफ गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्याच्या मागे राहिलेल्या रिफ जोडून त्यांनी जस्टिसमध्ये 'टू लिव्ह इज टू डाय' उभं केलं. जवळजवळ दहा मिनिटं, गाणं असं नाहीच. शेवटाकडे हेटफिल्ड चार ओळी नुसत्या बोलतो आणि शब्दांचं श्रेय क्लिफच्या नावावर आहे. मधल्या संथ भागात बेस ऐकू यायला हवा होता, तिथे मलाही फार लागतं. पण ती चाल त्याचीच आहे. 'ओरायन' इतकीच त्याची.

तर तुम्ही एवढंच सांगा. मास्टरच्या आठांत 'वन' बसवायचं ठरलं, तर कोणतं गाणं बाहेर काढाल? 'द थिंग दॅट शुड नॉट बी' म्हणू नका, ते मी काढू देणार नाही.

वणीचा_काळा_हिरा

'लेपर मसाया'. पन लय जड गेलं हे लिवाले.