मदत हवी आहे: थँक्सगिव्हिंगसाठी भरलेला एकॉर्न स्क्वॉश (शाकाहारी, ग्लुटेन नको, गोडही नको)

मंडळी, यंदा थँक्सगिव्हिंगला (अमेरिकेतला नोव्हेंबरमधल्या गुरुवारचा सण) शेजाऱ्यांकडे जेवायला जायचंय. आम्ही मिनेसोटात राहतो, शेजारी पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. टर्की आणि पाय (pie) त्यांच्याकडे, शाकाहाऱ्यांचा मुख्य पदार्थ मी आणते असं बोलून बसलेय. शाकाहारी चौघंच, पण समोर दिसलं की बाकीचेही घेतात, म्हणून चार एकॉर्न स्क्वॉशचे (हा छोटा भोपळाच) आठ अर्धे भाग करायचा विचार आहे. येणाऱ्यांपैकी एकीला सिलिअ‍ॅक आहे (गहू-जवातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही असा आजार), त्यामुळे गहू, जव, बल्गर नि फारो (हेही गव्हाचेच प्रकार), ब्रेडचे तुकडे सगळं बाद.

छोले-पुलाव न्या असं कृपया सुचवू नका. ते दिवाळीला नेलं होतं आणि चाटूनपुसून संपलं. या वेळी क्रॅनबेरी सॉस नि मॅश्ड पोटॅटोच्या शेजारी बसेल असं, त्याच पंक्तीतलं काहीतरी करायचंय.

घरी एकदा करून पाहिलं. गर्द हिरवा, कंगोऱ्यांचा एकॉर्न स्क्वॉश उभा चिरला, बिया काढल्या, तेल-मीठ लावून 400 फॅरनहाइटला (म्हणजे साधारण 200 सेल्सिअस) ट्रेमध्ये थोडं पाणी घालून पालथा भाजला. सारणात वाइल्ड राइस (तांदळासारखं एक धान्य), मशरूम, कांदा, सेलरी, पेकान (अक्रोडासारखा सुकामेवा), सुकी क्रॅनबेरी, आणि सेज नि थाइम हा वासाचा पाला. भरून परत वीस मिनिटं ओव्हनमध्ये. दिसायला देखणं झालं. खाताना मात्र भोपळा गोड, क्रॅनबेरी गोड, आणि दोन्हींच्या मध्ये भाताचे सुटे कोरडे दाणे. वाटीच्या तळाशी पाणी साचलं होतं ते वेगळंच. नवरा म्हणाला, "छान आहे, पण लोणचं दे." यावरून काय ते समजा.

तर विचारायचंय ते असं. गोडपणा कसा मोडायचा? इथल्या पाककृती वाचल्या तर त्या वर आणखी ब्राउन शुगर नि मेपल सिरप ओततात! अंडं न घालता सारण मिळून कसं यावं? पाणी का सुटतं? आणि शेजाऱ्यांचा ओव्हन सकाळपासून टर्कीने अडवलेला असणार, मग गरम कसं वाढायचं? शिवाय हे फळ चिरताना सुरी घसरते आणि माझा जीव वरखाली होतो, त्यावरही काही युक्ती असली तर सांगा.

प्रतिसाद
आधी सुरीचं. स्क्वॉशला दोनचार ठिकाणी सुरीच्या टोकाने भोकं पाडा आणि अख्खाच मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा. भोकं विसरू नका, नाहीतर आत वाफ कोंडेल. साल जरा मऊ पडते. मग कंगोऱ्यावर सुरी न ठेवता दोन कंगोऱ्यांमधल्या खोबणीत घाला. देठ कापायच्या भानगडीत पडू नका, तिथपर्यंत चिरलं की हातांनी दोन्हीकडे ओढा, आपोआप उकलतो. पाठीकडून पातळ चकती काढली की वाटी ट्रेमध्ये डगमगत नाही. फक्त पातळ हं, भोक पडलं तर सारणाचा रस तिथून जाईल.

प्रतिसाद
ट्रेमधलं पाणी बंद करा. बऱ्याच पाककृतींत ते लिहिलेलं असतं, पण त्याने फळ भाजण्याऐवजी वाफवलं जातं. एकॉर्नचा गर मुळात पाणीदार. कोरड्या पार्चमेंटवर (ओव्हनमध्ये चालणारा कागद) पालथे घाला, 35 ते 45 मिनिटं लागतील. शेवटची दहा मिनिटं उलटून तोंड वर करा म्हणजे आतली वाफ उडून जाईल. तरी पाणी दिसलं तर ओतून द्या किंवा पुसून घ्या आणि मगच भरा.

एकॉर्नच हवा असा हट्ट नसेल तर भोपळ्याच्या दुसऱ्या जाती आहेत. काबोचा बघा. उकडलेल्या शिंगाड्यासारखा कोरडा, पिठूळ गर असतो. पण तो मोठा असतो, एकेकाला अर्धा वाढता येत नाही, फोडी कराव्या लागतात. बटरनटमध्ये पोकळी फक्त खालच्या गोल भागात, भरायला जागाच नाही. डेलिकाटाची साल कोवळी, सालीसकट खाता येतो, पण त्याच्या होड्या उथळ. एकेकाच्या ताटात एक वाटी द्यायची तर एकॉर्नला पर्याय नाही. 1913 साली आयोवातल्या एका बियाणे कंपनीने तो 'टेबल क्वीन' नावाने विकायला काढला, ते नाव मला अजूनही फार आवडतं.

प्रतिसाद
गोडपणावर माझं एकच म्हणणं: सुकी क्रॅनबेरी काढून टाका. तिला साखर लावलेली असते. नोव्हेंबरमध्ये दुकानात ताज्या क्रॅनबेरीच्या 12 औंसाच्या पिशव्या ढिगाने असतात. त्यातल्या मूठभर ओबडधोबड चिरून कच्च्याच सारणात घाला. कडक आंबट लागतात, भोपळ्याच्या गोडाला तेच हवं. वरून लिंबू किंवा थोडं सायडर व्हिनेगर, आणि मिरपूड हात आखडता न घेता.

मशरूम कसे परतलेत? गर्दी करून परतले तर पाण्यात शिजतात. मोठ्या आचेवर, थोडे थोडे, मीठ न घालता, पाणी आटून कडा तपकिरी होईपर्यंत परता, मीठ नंतर. शेवटी चमचाभर तमारी (सोया सॉसचाच जपानी प्रकार). साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो, आणि तमारीचीही बाटली ग्लुटेन-फ्री लिहिलेलीच घ्या. लोणच्याची आठवण येणार नाही.

प्रतिसाद
मी तर सरळ गोडा मसाला आणि खोबरं घालून भरल्या वांग्यासारखं सारण करीन. सेज-बिज कशाला?

धागाकर्ती
घरी नक्की करीन तसं! पण त्या दिवशी नको. एकीकडे ग्रेव्ही नि दुसरीकडे गोडा मसाला, दोघांचंही वाटोळं होईल.

प्रतिसाद
धागाकर्तीशी सहमत. मसाला बदलायची गरज नाही, पद्धत आपली वापरा. फोडणी करतो तसं लोणी तापवून हलकं तपकिरी होऊ द्या, त्यात सेजची पानं तडतडू द्या, चिमूटभर मिरचीचे फ्लेक्स, आणि ते सारणावर ओता. सेज नुसता चुरून घातला तर औषधासारखा लागतो, लोण्यात तळला की चव पार पालटते.

प्रतिसाद
अगं, वाइल्ड राइस नीट फुलला होता का? दाणा उकलून आतलं पांढरं दिसायला हवं. एक कप कोरड्याला तीन कप पाणी आणि 45 ते 60 मिनिटं, उरलेलं पाणी निथळून टाकायचं. काळा कुळकुळीत, चकाकणारा मिळतो तो बहुतेक शेतात लावलेला, त्याला वेळ लागतो. तुम्ही मिनेसोटातच आहात तर तळ्यातला, हाताने काढलेला घ्या. महाग आहे, पण रंगाने फिकट तपकिरी, लवकर शिजणारा आणि धुरकट वासाचा. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला मनूमिन म्हणतात. उन्हाळा संपता संपता होडीतून जातात, एक जण बांबूसारख्या लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा दोन हलक्या दांड्यांनी ओंब्या होडीत झोडतो, मग ते दाणे विस्तवावर भाजतात. खरं तर हा आपल्या तांदळाचा लांबचा नातलग, पाण्यात उगवणारं गवत. ग्लुटेनचा प्रश्नच नाही. 1977 पासून तुमच्या राज्याचं ते अधिकृत धान्य आहे, शेजाऱ्यांना सांगायला बरं.

मिळून येण्यासाठी: भाजलेल्या प्रत्येक वाटीतून दोन चमचे गर खरवडून सारणात कालवा. वाटीला अर्ध्या इंचाची भिंत राहू द्या. शिवाय पाव भाग किन्वा घाला, तो दाण्यांमधल्या फटी भरतो. भरण्याआधी सारण तुम्हाला जास्त ओलं वाटलं पाहिजे. आठ वाट्यांना अर्धा-पाऊण कप व्हेजिटेबल ब्रॉथ सहज जिरतो. ब्रॉथच्या डब्यावरचे घटक मात्र वाचा.

धागाकर्ती
वर पार्मेजान किसून घालणार होते, चालेल ना?

प्रतिसाद
चव छान लागेल, पण अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) असतं. काटेकोर शाकाहारी कोणी असेल तर 'व्हेजिटेरियन रेनेट' लिहिलेलं चीज घ्या, किंवा चीज सोडा आणि भाजलेले पेकान दुप्पट करा.

प्रतिसाद
ओव्हनचं गणित सोपं आहे. बुधवारी घरी भाजून, सारण करून दोन्ही वेगवेगळं फ्रिजमध्ये ठेवा. भाजताना थोडा कमी शिजवा, सुरी आत जाताना किंचित अडली पाहिजे. गुरुवारी भरून झाकणाच्या कॅसरोलमध्ये न्या. टर्की बाहेर काढल्यावर कापण्याआधी अर्धा तास तरी मुरवत ठेवतात, तेवढा वेळ ओव्हन तुमचा. 350 फॅरनहाइट, फॉइल झाकून 25-30 मिनिटं, शेवटची पाच उघडं. यजमानीणबाईंना आधी फोन करून सांगा, कारण त्याच अर्ध्या तासावर बन आणि ग्रीन बीन कॅसरोलवाल्यांचाही डोळा असतो.

तेही जमत नसेल तर घरूनच कडक गरम करून, फॉइल नि टॉवेल गुंडाळून, बर्फाच्या पेटीत (बर्फाशिवाय!) ठेवून न्या. शेजारीच तर जायचंय. नुसतं बाहेर मात्र ठेवू नका, शिजलेला भात आणि भाज्या दोन तासांवर उघड्यावर नकोत.

प्रतिसाद
सिलिअ‍ॅकवालीसाठी एक भाग वेगळ्या छोट्या डब्यात न्या, स्वतःच्या चमच्यासकट. टेबलावर ब्रेड स्टफिंगमधला चमचा तुमच्या वाट्यांत कोण कधी घालेल सांगता येत नाही. आमच्या घरी हे रोजचं आहे म्हणून सांगते.

प्रतिसाद
पुण्यातून विचारतोय, लाल भोपळ्याचं होईल का हे? छोटा अख्खा मिळाला तर ओटीजी आहे.

प्रतिसाद
होईल की. वाइल्ड राइसऐवजी अख्खी ज्वारी रात्रभर भिजवून कुकरला लावा, दाणा छान चावरा राहतो. वरई घेऊ नका, गचका होतो. आणि हे दोन्हीकडच्यांना: चिरल्यावर गराचा बारीक तुकडा जिभेला लावून बघा. कडू दुधी टाकून देतो तसाच कडू स्क्वॉशही टाकायचा, शिजवून कडूपणातला विषारी अंश जात नाही. दुकानात दाराशी शोभेला मांडलेले चित्रविचित्र भोपळे खाण्यासाठी घेऊ नयेत ते याचसाठी.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: ट्रेमध्ये पाणी नाही, ताजी क्रॅनबेरी, तपकिरी लोणी, खरवडलेला गर, पाव भाग किन्वा. शेजारीणबाईंना फोन केला, टर्की दोन वाजता बाहेर येणार आहे आणि वरचा कप्पा माझा. एकच राहिलं: आठ वाट्यांना सारण किती कप लागेल?

प्रतिसाद
वाटीला पाऊण कप धर, म्हणजे सहा. वाइल्ड राइस पाऊण कप आणि किन्वा पाव कप कोरडे घेतलेस तर शिजून तीन-साडेतीन कप होतात, बाकी मशरूम, कांदा, सेलरी, पेकान. थोडं उरेलच, ते दुसऱ्या दिवशी दह्याबरोबर खा.