टोल्युइनचा वास आणि कापडी मास्क (लोटे एमआयडीसी)

लोट्याचा ऑपरेटर: टोल्युइन (पेट घेणारं सॉल्व्हंट) भरलेल्या रिअ‍ॅक्टरचं, म्हणजे केमिकलच्या टाकीचं, मॅनहोल उघडून गोणीतली पावडर ओतायला लावतात. तोंडाला कापडी मास्क. नाइट संपवून एसटीत बसलो की भरणे नाक्यापर्यंत डोकं गरगरत असतं. इनचार्ज म्हणतात, "सवय होते रे!" काय करू? नोकरी सोडणं परवडणार नाही, बागेतल्या कलमांचं कर्ज आहे.

महाडचा सेफ्टीवाला: सवय नाकाला होते. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं नव्हे. कापडी काय नि एन-९५ काय, वाफ अडत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज (अशी वाफ शोषणारी डबी) लावलेला हाफ मास्क मागा, दाढी काढा, नाहीतर कडेने गळतो. कार्ट्रिज उघडं टांगू नका, हवाबंद पिशवीत ठेवा. आणि हा मास्क घालून रिअ‍ॅक्टरच्या आत उतरायचं नाही, तो ऑक्सिजन देत नाही. खरं तर मला भीती आगीची जास्त वाटते. पावडर ओतताना स्टॅटिक (घर्षणाची वीज) तयार होतं, एक ठिणगी पुरते. आधी रिअ‍ॅक्टरमध्ये हवेच्या जागी नायट्रोजन आहे का, अर्थिंग आहे का बघा.

रोह्याची नर्स: शिफ्ट संपताना लघवीची तपासणी करून घ्या, टोल्युइन अंगात किती गेलंय याचा अंदाज येतो. डॉक्टरांना केमिकलचं नाव सांगा, नाहीतर पित्ताची गोळी मिळेल.

चिपळूणकर: भोपाळनंतर, १९८७ साली, फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये धोक्याची माहिती कामगाराला देणं बंधनकारक केलं. एसडीएस, म्हणजे केमिकलच्या धोक्यांची माहितीपत्रिका, लेखी मागा. नाहीच दिली तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे.

लोट्याचा ऑपरेटर: स्टोअरवाल्याला विचारलं. मास्क आहेत म्हणे, ऑडिटच्या दिवशी काढतात!