ए विंगमध्ये आता जुने किती उरले?

नाना (ए-११०२): ८०३ विकायला काढल्याचं मला एजंटच्या मेसेजवरून कळतंय. खाली लिहिलंय, "फक्त शाकाहारी फॅमिली". लालबागमध्ये! आपल्या चाळीच्या जागेवर! ग्रुपवर एका शब्दाने कोणी विचारलं नाही.

माई (ए-२०१): ८०३ म्हणजे जिजीची खोली ना? खानावळवाल्या जिजीची?

नाना (ए-११०२): तीच.

सेक्रेटरी: नाना, नमस्कार. एजंटच्या जाहिरातीशी सोसायटीचा संबंध नाही. ग्रुप कृपया सोसायटीच्या कामासाठीच वापरावा 🙏

नाना (ए-११०२): हे सोसायटीचंच काम आहे. खोली विकायची तर आधी बिल्डिंगमधल्या मराठी माणसाला विचारायचं. तसा ठराव करा.

बंटी (ए-५०५): नाना, रेट बघितलात का? सगळ्यांनी मिळून विकत घेतली तरी एकेकाच्या वाट्याला एक लादी येईल 😄

ए-७०३: ८०३ च्या बाथरूमचं लीकेज माझ्या छतावर उतरतंय. विकायच्या आधी ते काम कोण करून देणार?

सेक्रेटरी: असा ठराव करता येत नाही. सहकार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय कोणाला सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज आल्यावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर तो माणूस सभासद झाला असं धरलं जातं. विक्रीला आपली एनओसीसुद्धा लागत नाही. ट्रान्सफर प्रीमियम घ्यायचा, तोही जास्तीत जास्त २५,००० रुपये.

ए-१००१: मग पारशांना कसं चालतं? अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या बाजूने २००५ साली सुप्रीम कोर्टानेच निकाल दिला होता.

सेक्रेटरी: त्यांच्या उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, फक्त पारशी सभासद घ्यायची अट पहिल्यापासून होती. आपल्या उपविधीत नाही. बी विंगमध्ये फ्लॅट विकत घेतलेले दोनशे सभासद असताना आता घालता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी सभेत मांडावं.

नाना (ए-११०२): खोली विकायची तर आधी मराठी माणसाला. ठराव करा.

बी-१८०२: नमस्कार. सकाळपासून वाचतोय. माझे वडील याच रस्त्यावर मसाल्याच्या दुकानात कामाला होते. मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलो. घरात गुजराती बोलतो म्हणून मी बाहेरचा होतो का?

नाना (ए-११०२): तुमचं नाव कोणी घेतलं? उगाच अंगावर ओढून घेऊ नका.

बी-१८०२: "आपल्या चाळीच्या जागेवर" कोणासाठी लिहिलं होतं, नाना?

अप्पा (ए-३०४): सगळ्यांनी पाणी प्या. पाणी दहा वाजता जाणार आहे.

ए-७०३: पाण्यावरून आठवलं, ८०३ चं लीकेज.

ए-१००१: *आलेला मेसेज जसाच्या तसा* मुंबईत मराठी माणूस फक्त २० टक्के उरला! जागे व्हा! दहा ग्रुपवर पाठवा!

ताई (ए-६०४): हा २० टक्क्यांचा आकडा कुठल्याही जनगणनेत नाही, कृपया पुढे पाठवू नका. मातृभाषा मराठी सांगणारे बृहन्मुंबईत २००१ मध्ये सुमारे ४५ लाख २३ हजार होते, २०११ मध्ये ४४ लाख ४ हजार. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. त्याच दहा वर्षांत हिंदी २५ लाख ८८ हजारांवरून ३५ लाख ९८ हजारांवर गेली, आणि त्या "हिंदी"त भोजपुरी आणि राजस्थानीही मोजतात. पुढची मोजणी २०२१ ला झालीच नाही, ती आता २०२७ ला आहे. त्यामुळे आजचा आकडा कोणाकडेच नाही.

ए-१००१: म्हणजे कमी झालेच ना?

ताई (ए-६०४): झाले. मला त्याचं वाईट वाटतं, तुमच्याइतकंच. पण कसे कमी झाले ते बघा. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, इथली सगळीच माणसं कमी झाली. २००१ ला ३३,३८,०३१ होती, २०११ ला ३०,८५,४११. त्याच काळात पालघरसकटचा जुना ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. आपली माणसं तिकडे आहेत. डोंबिवली, बदलापूर, दिवा, नालासोपारा. कोणी हाकललं नाही, खर्च झेपेना म्हणून गेली.

अप्पा (ए-३०४): १८ जानेवारी १९८२. गिरणी संपाच्या दिवशी मी गेटवर होतो. अडीच लाख माणूस बाहेर पडला आणि त्यातला बराच परत आत गेलाच नाही. खोल्या तेव्हापासून विकल्या जाताहेत. पागडी घ्यायची आणि गावाला नाहीतर कल्याणच्या पुढे जायचं.

बंटी (ए-५०५): आणि गिरणीच्या जमिनीवर मॉल.

अप्पा (ए-३०४): १९९१ ला नियम आला तेव्हा गिरणी विकसित करायची तर तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला, तिसरा म्हाडाला घरांसाठी, असं होतं. २००१ ला बदलून टाकला. हिस्सा फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचा. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन असून असणार किती? आता उरलेल्या कामगारांना बदलापूरच्या पुढे शेलू-वांगणीला घर घ्या म्हणतात.

ए-७०३: अप्पा, सगळं मान्य. लीकेजचं काय?

माई (ए-२०१): अरे बाबा, जरा दम धर. तिथे जिजी गेलीय आणि तुझं आपलं छत.

नाना (ए-११०२): ताई, आकडे ठीक आहेत. आमचे आजोबा रत्नागिरीहून आले तेव्हापासून हा भाग मराठी आहे. माका सगळा म्हायत आसा.

ताई (ए-६०४): नाना, तुमचे आजोबा आले तेव्हा ते इथे नवखेच होते. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभरांतले चौऱ्याऐंशी जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. सगळ्यात जास्त आपल्या रत्नागिरीचे, शिवाय साताऱ्याचे, घाटावरचे, तेलंगणातले पद्मशाली, उत्तरेकडचे विणकर. पुरुष एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, बायका गावी. हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे. म्हणून तर जिजीसारख्यांच्या खानावळी चालल्या. ही सगळी माणसं राहू शकली कारण भाडं परवडत होतं.

८०३: मी ग्रुपमध्ये आहे हे बहुतेक विसरलात. जिजीचा नातू बोलतोय. एजंटची ती ओळ मी लिहायला सांगितली नव्हती, काढायला लावतो. पण खोली विकणार आहे. आम्ही चार वारस. दोन आत्या, बाबा आणि काकांची मुलं. तीनशे फुटांत चार घरं राहत नाहीत. बाबांना पेन्शन नाही. मेंटेनन्स महिन्याला ६,८०० आणि मागची थकबाकी व्याजासकट. नाना, तुम्ही ठराव करा, पण हा मेंटेनन्स भरणार कोण तेही ठरावात लिहा.

माई (ए-२०१): बाळा, तुला कोणी काही म्हणत नाही. जिजीच्या हातचं जेवून नाना मोठा झालाय.

नाना (ए-११०२): मी त्याला बोललोच नव्हतो. विकणाऱ्याबद्दल नाही, घेणाऱ्याबद्दल बोलत होतो.

ताई (ए-६०४): नाना, घेणारा येतो तो कोणीतरी विकतो म्हणून. ६,८०० वर बोला. उपविधीप्रमाणे सेवा शुल्क प्रत्येक गाळ्याला सारखं लागतं. आपल्या तीनशे फुटांना जेवढं, तेवढंच बी विंगच्या बाराशे फुटांना. वॉचमन, लॉबी, पोडियमची बाग, तरणतलावाचा माणूस, सगळं त्याच एका आकड्यात. आपली पोरं त्या तलावात कधी उतरली आहेत? आणि बिल्डरने आपल्या देखभालीसाठी दिलेल्या कॉर्पस फंडाचं व्याज कुठे वळतं, तो हिशोब दोन वर्षं मागतेय.

खजिनदार (बी-१२०१): नियमच तसा आहे, मॅडम. ऑडिट झालेलं आहे. एवढाच त्रास असेल तर ए विंगने वेगळी सोसायटी करावी, आमची हरकत नाही.

बंटी (ए-५०५): गेट आधीच वेगळं केलंय, आता सोसायटी पण.

बी-१८०२: खजिनदार, हे तुमचं मत झालं, बी विंगचं नाही. तलावाचा खर्च वापरणाऱ्यांनी भरावा, मला मान्य आहे. मी भरीन.

खजिनदार (बी-१२०१): पर्सनली बोलू आपण.

बी-१८०२: इथेच बोलू.

ए-१००१: आज १८०२ शी सहमत व्हायची वेळ आली.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, वैयक्तिक टीका नको 🙏 हिशोब सर्वसाधारण सभेत ठेवले जातील.

ताई (ए-६०४): मागच्या सभेतही हेच ऐकलं होतं. एक पंचमांश सभासदांनी सह्या करून मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. विषय दोनच: कॉर्पसचा पूर्ण हिशोब, आणि तलाव-बागेचा खर्च सेवा शुल्कातून वेगळा काढणं. संध्याकाळी कागद घेऊन अकराव्या मजल्यापासून खाली येते.

नाना (ए-११०२): मराठी माणसाला आधी विचारायचा ठराव पण त्यात घाला.

ताई (ए-६०४): तो घातला तर रजिस्ट्रारकडे पूर्ण कागद अडकेल. नाना, पहिली सही तुमची हवी.

नाना (ए-११०२): सात नंतर ये. आरती झाल्यावर.

बी-१८०२: बी विंगचा कागद माझ्याकडे द्या, मी फिरवतो.

८०३: मी पण सही करतो. विक्री व्हायला अजून वेळ आहे. आणि ७०३, प्लंबर शनिवारी पाठवतो, घरी थांबा.

ए-७०३: शनिवारी किती वाजता?