मदत हवी आहे : व्यावसायिकांना सोशल मीडिया शिकवायचाय, रविवारी वर्ग आहे

शाहूपुरीची_सून (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. येत्या रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलवर 'व्यवसायासाठी सोशल मीडिया' असा वर्ग घ्यायचाय, दहा ते चार, मराठीतून. येणारे शिकलेले आहेत, पण शुभ सकाळच्या फुलांपुढे कुणाची मजल गेलेली नाही. मी चार दुकानांची पेजेस सांभाळते, म्हणजे मला करता येतं, शिकवायची सवय नाही. फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब हे सगळं एका दिवसात कसं बसवू? क्रम काय ठेवू? तयार मराठी स्लाइड्स असतील तर द्या. 'यूट्यूबवर बघ' सांगू नका, बघून झालंय.

उद्यमनगरी
स्लाइडा कशाला? व्हॉट्सॲप बिझनेस शिकवा आणि घरी सोडा. आमचं फाउंड्रीचं गिऱ्हाईक इन्स्टावर नाचत नाही, ते व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग पाठवतंय. कॅटलॉग, लेबलं, ठरलेली उत्तरं, बास. आणि हे ठासून सांगा, एका ब्रॉडकास्ट लिस्टीत, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा धाडायच्या यादीत, २५६ जणच बसतात आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातोय. लोकं हजार नंबर विकत घेतात आणि म्हणतात, मेसेज पोचंना.

रीलवाली
काका, फाउंड्री सोडून जग आहे हो. रील्सशिवाय आज कुणी थांबून बघत नाही. माझं गुजरीतल्या एका सराफी पेढीचं काम आहे. साज घडवताना कारागिराचे हात दाखवले तर लोक शेवटपर्यंत बघतात, नुसता दागिना ठेवला तर सरकतात. पहिल्या दोन-तीन सेकंदांत मुद्दा आला पाहिजे, आणि पडद्यावर मराठी ओळी हव्यातच, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. दिवसभर रील्सच घ्या.

मास्तर_पाचगाव
ताई, किती जण आहेत? फोन कसले? हॉलवर नेट कसं आहे? आणि मुख्य म्हणजे लोक कोण?

शाहूपुरीची_सून
लोक म्हणजे प्रोफेशनल्स, लिहिलंय की. फोन सगळ्यांकडे आहेत. नेट हॉलवाला देतो म्हणालाय. क्रम सांगा ना कुणीतरी.

मास्तर_पाचगाव
प्रोफेशनल म्हणजे कोण? आमचा गवंडीपण प्रोफेशनलच आहे.

शाहूपुरीची_सून
बरं. वीस-बावीस जण. वकील सहा-सात, सीए चार, डॉक्टर पाच, आर्किटेक्ट दोन. बाकी इंटिरियरवाले, एक पार्लरवाली, एक पापड-लोणच्यांचा घरगुती उद्योग. झालं समाधान?

काळा_कोट
आता थांबा जरा. हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. वकिलांना जाहिरात करायची मुभाच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ वाचा. २००८ साली वेबसाइटला परवानगी मिळाली, तीही नाव, पत्ता, फोन, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढ्यापुरतीच. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलवरून वकिलांनी कामं मिळवण्यावर कडक निकाल दिलाय. तुम्ही 'पोस्ट बूस्ट करा', म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवा, असं शिकवणार आणि माझा एखादा ज्युनिअर नोटीस घेऊन बसणार.

सीएंचंही तसंच. १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातली ६ आणि ७ ही कलमं बघा. त्यांची वेबसाइट शोधत येणाऱ्यासाठी असावी, आपण होऊन लोकांवर ढकलू नये, असा त्यांच्या संस्थेचा दंडक होता, आताचं संस्थेकडूनच बघा. आर्किटेक्टना १९८९ चे नियम आहेत.

शाहूपुरीची_सून
अहो पण मग हे आलेत कशाला? पैसे भरलेत त्यांनी!

रीलवाली
काही नाही हो, सगळे करतात. इन्स्टा उघडा, दर चौथी रील वकिलाची.

काळा_कोट
कावळा नाक्याचा सिग्नलही सगळे तोडतात. पावती फाटते तेव्हा एकट्याच्याच नावाची फाटते.

भवानी_मंडप
वकिलांची धडपड समजू शकते. १८ ऑगस्ट २०२५ ला इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासून सहा जिल्ह्यांतले वकील इथं येतात, नाव तर व्हायला हवं. बाकी तिथं सीपीआर दवाखान्यासमोर गाडी लावायला जागा उरली नाही त्याचं काय? पूर्वी मी…

उद्यमनगरी
पार्किंगचा धागा वेगळा काढा राव. आणि जाहिरात न करताही नाव होतं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरी चपला दिसल्या. मूळ कुठलं ते त्यांनी आधी सांगितलंच नाही, इथल्या लोकांनी सोशल मीडियावर आवाज उठवला, मग कंपनीनं कबूल केलं. आपल्या चपलेला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, म्हणून तर बोलता आलं.

रीलवाली
म्हणजे सोशल मीडियानेच झालं ना? व्हॉट्सॲपच्या लेबलांनी नाही.

डॉ_गंगावेश
विषयांतर खूप झालं. ताई, डॉक्टरांचं मी सांगतो. २००२ च्या नियमांनुसार रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात चालत नाही. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बंद आहे, पुन्हा सुरू झाला, अशी साधी सूचना चालते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सोशल मीडियाबद्दलही नवे नियम आले होते, त्याच महिन्यात स्थगित झाले.

शिकवण्यासारखं मात्र भरपूर आहे. गूगल मॅपवर दिसणारं प्रोफाइल नीट करणं हेच घ्या. निम्म्या दवाखान्यांची खूण दुसऱ्याच गल्लीत आहे, वेळा जुन्या, नंबर बंद. रुग्ण दारापर्यंत येऊन परत जातो. दुसरं, वाईट रिव्ह्यूला उत्तर देणं. आमच्या एका मित्राने चिडून 'तुमची साखर चारशे होती, गोळ्या तुम्हीच बंद केल्या' असं जाहीर लिहिलं. रुग्णाची गुप्त माहिती उघड्यावर! तिथं 'कृपया दवाखान्यात येऊन बोला' एवढंच लिहायचं. याचा सराव वर्गात करून घ्या, वकील-सीएंनाही लागू आहे.

काळा_कोट
+१. वारसनोंद कशी होते, सातबारा कसा वाचायचा, अशी सर्वसाधारण माहिती मराठीत लिहायला माझी हरकत नाही. खाली 'आजच फोन करा' आलं की संपलं.

मास्तर_पाचगाव
आता क्रमाचं. पहिला तास पासवर्डात जाणार, लिहून ठेवा. कुणाचं खातं मुलाच्या नंबरवर, कुणाचा ओटीपी घरी ठेवलेल्या फोनवर, कुणाच्या फोनमध्ये जागाच नाही. शनिवारपर्यंत सगळ्यांना मेसेज टाका : लॉगिन करून या, कामाचा नंबर वेगळा ठेवा, फोन चार्ज करा. गूगलच्या पडताळणीला दिवस लागतात, बऱ्याचदा जागेचा व्हिडिओ मागतात, तर तो अर्ज आजच भरायला लावा. हॉलवाल्याच्या वायफायवर विसंबू नका. आणि पाच ॲप्स घेऊ नका, दोनच घ्या.

शाहूपुरीची_सून
हे कामाचं. मग असं करते : सकाळी सगळ्यांना गूगल प्रोफाइल आणि रिव्ह्यूची उत्तरं, थोडं व्हॉट्सॲप बिझनेस. दुपारी वकील, सीए, डॉक्टर, आर्किटेक्ट यांना सोडते. चारपर्यंत पार्लर, इंटिरियर आणि पापडवाल्या ताईंना रील्स आणि पैसे भरून जाहिरात. दुपारची फी परत द्यावी लागेल बहुतेक. @काळा_कोट, सीएंना व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगात फी लिहिली तर चालेल का?

काळा_कोट
सीएंचं सीएंनाच विचारा. मी आधीच फुकट जास्त बोललोय.

उद्यमनगरी
लेबलं विसरू नका. आमच्याकडं पिवळं म्हणजे पैसे यायचेत.

रंकाळा_वारा
इथंच विचारतो, भाच्याचं इन्स्टा खातं हॅक झालंय, पैसे मागतायत. कोल्हापुरात कुणी सोडवून देतं का?

मास्तर_पाचगाव
पैसे देऊ नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार करा. आणि वेगळा धागा काढा.