मदत हवी आहे: सायकलिंगसाठी नंबरचा चष्मा कोणता घ्यावा?

मंडळी, माझा नंबर उणे ४.५. पहाटे जुन्या कात्रज घाटात सायकल काढतो. उतारावर नेहमीच्या चष्म्याच्या कडेनं वारा आत शिरतो आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. हँडलवर वाकलं की फ्रेमची वरची कड बरोबर रस्त्यावर येते, ते वेगळंच.

चष्मेवाले म्हणतात, डोळ्यांभोवती वळणाऱ्या फ्रेममध्ये एवढा नंबर बसवला तर कडेचं वाकडं दिसेल. मग आतल्या बाजूला नंबरच्या काचांची वेगळी क्लिप असलेला गॉगल घ्यावा का? घामानं दोन काचांमध्ये वाफ धरते म्हणे. काच पॉलिकार्बोनेटचीच (सहजी न फुटणाऱ्या प्लास्टिकची) हवी, खडे उडतात. फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणारी काच नको, घाटातल्या बोगद्यात शिरल्यावर ती लगेच उजळत नाही. कॉन्टॅक्ट लेन्सनं डोळे कोरडे पडतात.

उणे ४ च्या पुढचं कुणी क्लिप वापरतंय का? पापण्या घासतात का? बजेट सहा-सात हजार.